दुखणे खांद्याचे, बळ जाते मुठीतले

(सातपुड्यातील आपल्या दवाखान्यात सेवा करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट भगिनीने सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले हे भाषण आहे. ज्यांना मेळाव्यास येता आले नाही त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत. – संपादक)



पाळकसाहेबांनी मला सांगितले, "ताई, डोंगरावरच्या कामाविषयी अर्धा तास बोला." मी विचार केला, किती गावे फिरलो, किती रुग्ण तपासले हे तर अहवालात छापलेले असते. म्हणून आज मी एकाच बाईविषयी आणि तिच्या एकाच खांद्याविषयी बोलणार आहे. त्यातून तुमच्याही उपयोगाचे काही निघेल. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना रात्री कुशीवर वळताना खांद्यात कळ येते, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. खरा हात वर करा असे म्हणत नाही, कारण ज्यांचा खांदा दुखतो त्यांना तो वर करता येणार नाही!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर आमचे शिबिर होते. गणपतीचे दिवस होते, पाऊस अजून लागून होता. एक पावरा समाजाची बाई आली. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. त्यांना स्वतःला नक्की ठाऊक नव्हते. त्यांची पावरी बोली मला नीट कळत नाही, म्हणून आमची आरोग्यसेविका मध्ये बसून सांगत होती. बाईंनी उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवला, मग तो कोपरावर नेला आणि म्हणाल्या, "इथं दुखतं. हंडा हातातून निसटतो. भाकरी थापताना तुटते."

कोपराजवळ जुन्या, गोल, काळ्या खुणा होत्या. दुखणे जावे म्हणून कोणीतरी तापलेल्या लोखंडाने डाग दिले होते. मी कोपर तपासले. बाहेरच्या बाजूला दाबल्यावर त्या कळवळल्या. रांगेत अजून तीस-पस्तीस माणसे होती. मी कोपराचे दुखणे असे लिहिले, मलम दिले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितले, "पंधरा दिवस हाताला आराम द्या."

बंधुभगिनींनो, त्या दिवशी माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली, मी त्यांच्या अंगावरची ओढणी बाजूला करून खांदा पाहिला नाही. दुसरी, जिच्या घरचे पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या झऱ्यातून येते तिला मी पंधरा दिवस आराम करायला सांगितले. ती चूक मला पुढे सुमारे सहा महिन्यांनी कळली. ते पुढे सांगते. आधी खांदा म्हणजे काय ते पाहू.

बशीवरचे लिंबू

आपल्या शरीरातील सर्वांत जास्त फिरणारा सांधा म्हणजे खांदा. कमरेच्या, म्हणजे खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात तशी खोल वाटी नाही. उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोळा त्या लहानशा खळग्याला टेकलेला असतो. म्हणूनच आपण हात डोक्यावर नेऊ शकतो, पाठीमागे नेऊ शकतो, गोल फिरवू शकतो. पण बशीवरचे लिंबू घरंगळू नये म्हणून कोणीतरी त्याला सतत धरून ठेवले पाहिजे. ते काम चार लहान स्नायू करतात. चारही खांद्याच्या पात्यावरून निघतात आणि गोळ्याला पुढून, वरून, मागून कवेत घेतात. इंग्रजीत त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. शर्टाच्या बाहीचा कफ जसा मनगटाभोवती असतो, तसा हा गोळ्याभोवती असतो.

आणखी एक गोष्ट. तुमचा अख्खा हात छातीच्या पिंजऱ्याला हाडाने फक्त एकाच ठिकाणी जोडलेला आहे, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या टोकाशी. बाकी खांद्याचे पाते पाठीवर नुसते स्नायूंच्या आधाराने तरंगत असते. हात सरळ वर नेला तर साधारण १८० अंश जातो. त्यातले सुमारे १२० अंश गोळा फिरतो आणि ६० अंश पाते फिरते. म्हणजे हात वर करणे हे एकट्या खांद्याच्या सांध्याचे काम नव्हे, मान आणि पाठही त्यात आहेत.

आता बसल्या जागी एक करून पाहा. डाव्या हाताने उजवा खांदा धरा, बोटे मागे पात्यावर येऊ द्या. आता उजव्या हाताची मूठ एकदम घट्ट आवळा. जाणवले? मूठ आवळली हाताच्या टोकाला, पण खांद्याभोवतीचे स्नायूही ताठ झाले. सैल सोडा. पुन्हा आवळा. पकड घट्ट करायची तर आधी खांदा भक्कम व्हावा लागतो. शिडी हलत असेल तर वरचा माणूस खिळा नीट ठोकू शकत नाही, तसेच हे आहे.

दुखणे खाली कसे उतरते

खांद्याचे दुखणे आठ-पंधरा दिवसांचे असेल तर ते बहुधा खांद्यापुरतेच राहते. तीन महिने, सहा महिने चालले की मात्र त्याची झळ दंडाला, कोपराला, मनगटाला आणि मानेला लागते. असे होण्याची चार कारणे मी सांगते.

पहिले कारण म्हणजे दुखण्याची जागा फसवी असते. खांद्यातून आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीतून येणारा संदेश मज्जारज्जूच्या जवळपास एकाच मजल्यावर पोहोचतो. मेंदूचा तिथे गोंधळ होतो आणि खांद्याचे दुखणे दंडाच्या मध्यावर जाणवते. पुष्कळ रुग्ण खांद्याला हातच लावत नाहीत, दंड चोळत बसतात. लंडनमध्ये जोनास केलग्रेन या डॉक्टरांनी १९३८ साली प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंमध्ये मिठाचे तीव्र पाणी टोचले. टोचले एकीकडे आणि दुखले भलतीकडेच, हे त्यांना वारंवार दिसले. म्हणून जिथे दुखते तिथेच मलम चोळणे किंवा तिथेच डाग देणे, यात फरक एवढाच की मलमाने कातडी जळत नाही. दोन्ही वेळा मूळ जागा राहूनच जाते. डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला हसण्याचा मला अधिकार नाही. त्यानेही कोपरच पाहिले, मीही कोपरच पाहिले.

दुसरे कारण, काही स्नायू दोन्हीकडचे असतात. दंडाचा पुढचा फुगीर स्नायू, ज्याला आपण बायसेप्स म्हणतो, त्याची एक लांब दोरी खांद्याच्या सांध्याच्या आतून जाऊन पात्याला वरच्या बाजूने चिकटते. दंडामागचा ट्रायसेप्स, त्याचा एक भाग पात्याला खालच्या बाजूने चिकटतो. हे दोन्ही स्नायू कोपर वाकवतात आणि सरळ करतात, पण त्यांची मुळे खांद्यात आहेत. खांद्याला सूज आली की बायसेप्सच्या त्या दोरीलाही ती लागते. रोटेटर कफ थकला की गोळा जागेवर धरून ठेवायला बायसेप्स जास्त ताणला जातो. मग भरलेली बादली उचलताना दंडाच्या पुढच्या बाजूला कळ येते.

तिसरे कारण, मेंदू राखण करतो. खांद्यातून दुखण्याचा संदेश सारखा येत राहिला की मेंदू त्या भागातील स्नायूंना पूर्ण जोर लावूच देत नाही. हा आळस नव्हे आणि नाटकही नव्हे. माणूस मनापासून जोर लावत असतो, पण स्नायूपर्यंत हुकूम अर्धाच पोहोचतो. पात्यावरचे मांस त्यामुळे झडू लागते. मागून पाहिले तर पात्यावर खळगा दिसतो. शिवाय माणूस आपोआप हात कोपरात वाकवून पोटाशी धरतो. महिनोन्‌महिने असे धरले की बायसेप्स आखडतो, कोपर शेवटपर्यंत सरळ होत नाही, तळहात वर वळत नाही. वापर नसलेला दंड बारीक होतो. मघाशी आपण पाहिले तसे, खांदा डळमळला की मुठीची पकडही कमी होते. कमी पकड असलेल्या हाताने तेवढेच काम करायचे तर मनगट आणि बोटे जास्त आवळावी लागतात, म्हणून कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मनगट उचलणारे स्नायू सुरू होतात, तिथे दुखू लागते. माझ्या बाईंचे कोपर दुखत होते ते असे. दुखणे खोटे नव्हते, पण ते शेपूट होते आणि डोके वर खांद्यात होते.

चौथे कारण, शेजाऱ्यावर भार पडतो. गोळा वर फिरत नाही म्हणून माणूस अख्खा खांदा कानाकडे उचलून हात वर नेतो. हे काम मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूचे. दिवसभर असे केल्यावर मान आखडते, डोके दुखते. पुढे दुसरा हात दुहेरी काम करू लागतो आणि वर्षभरात तोही तक्रार करू लागतो.

मंडळीला शरीराचा दाखला पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दिला आहे. तो आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकला आहे. मी त्यावर बोलायला उभी नाही, ते काम पाळकसाहेबांचे. मी एवढेच सांगेन की एका अवयवाचे दुखणे दुसऱ्याला भोगावे लागते हे मी रोज माझ्या बोटांखाली पाहते.

पुन्हा भेट

त्या बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेल्या. आमच्या भागातून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे जातात. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा तोडतो, बायको साळते, मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळे एकाचा हात दुखतो म्हणून घरी राहायची सोय नसते.

फाल्गुनात त्या परत आल्या. होळीच्या आधी मी पाड्यावर गेले तेव्हा त्यांनीच मला हाक मारली. उजवा हात पोटाशी वाकवून धरलेला. या वेळी मी ओढणी बाजूला केली. पात्यावर खळगा पडलेला. दंड डाव्यापेक्षा उघड बारीक. कोपर सरळ होईना. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला तर जवळजवळ फिरलाच नाही. मी माझी दोन बोटे त्यांच्या मुठीत दिली आणि म्हटले, "आवळा." त्यांनी दात आवळले, पण बोटे सहज निसटली.

खांदा आखडला होता. बोस्टनचे डॉक्टर अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या दुखण्याला फ्रोजन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, मग जाड होते आणि आकसते. साधारण चाळीस ते साठ या वयात हे होते, पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. आधी काही महिने नुसते दुखते, विशेषतः रात्री. मग दुखणे कमी होते पण खांदा फिरत नाही. मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षे लागू शकतात.

मी त्यांना विचारले, "मी आराम करायला सांगितले होते, केला का?" आरोग्यसेविकेने ते पावरीत सांगितले. बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. आरोग्यसेविका माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, त्या म्हणतात, आराम कुठं मिळतो ते पण सांगायचं होतं."

मला उत्तर सुचले नाही. आणि खरे सांगायचे तर खांदा पूर्ण बांधून ठेवला असता तरी तो आखडलाच असता. ज्यांनी हात गळ्यातल्या झोळीत महिनोन्‌महिने ठेवला त्यांचीही गत हीच होते. हाड मोडले असेल तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस झोळी हवी. नुसत्या दुखण्यासाठी झोळी नको. या खांद्याला भार कमी पाहिजे आणि हालचाल चालू पाहिजे.

आधी काय तपासावे

व्यायाम सांगण्याआधी एक सावधगिरी. खांदा किंवा हात दुखतो म्हणजे दर वेळी खांद्याचाच आजार असतो असे नाही. घरी बसून ठरवू नका.

डाव्या हातात आणि खांद्यात दुखते, सोबत छातीत दडपण, घाम, श्वास कोंडणे असे असेल तर ते हृदयाचे असू शकते. तेल चोळत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. मान वळवली की हातात मुंग्या येतात, अंगठा बधिर होतो, तर मानेत नस दबलेली असू शकते. खांद्याला सूज आणि ताप असेल, पडल्यावर हात अचानक उचलता येईना, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या आदिवासी भागात आणखी दोन गोष्टी आम्ही पाहतो. तरुण मुलाचा किंवा मुलीचा खांदा किंवा खुबा सारखा दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा समाजांत हा आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि गोळा आतून खचतो. खुब्यात हे जास्त होते, त्याखालोखाल खांद्यात. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि त्यात आदिवासी भागातील ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. आपले कार्यकर्ते घरोघर जातात तेव्हा हे जरूर सांगावे.

दुसरी गोष्ट कुष्ठरोग. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अशक्त होते, बधिर होते, कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड लागते, अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा असतो. पकड इथेही जाते, पण कारण वेगळे. त्यावरील औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर हात वाचतो. ज्याच्या हातातून वस्तू निसटते त्याची कातडीही पाहावी, हे मी स्वतःला रोज बजावते.

आणि तुमच्यासाठी, शहरातल्या मंडळींसाठी: मधुमेह असणाऱ्यांना गोठलेला खांदा इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो. पाठीमागे हात जात नाही, वेणी घालता येत नाही, मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही, असे सुरू झाले तर आधी रक्तातील साखर तपासून घ्या. कधी कधी खांद्यामुळेच साखर वाढल्याचे पहिल्यांदा समजते.

काय केले

बाईंना आम्ही जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना दाखवून आणले. एक्स-रे ठीक होता, साखर ठीक होती, सिकलसेल नव्हते. मग मी व्यायाम बसवून दिले. तेच तुम्हालाही सांगते, पण तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करा.

पहिला, लोंबता हात. चांगल्या हाताने खाटेचा किंवा टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकायचे. दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला विहिरीवरच्या बादलीसारखे झुलू द्यायचे, पुढे-मागे आणि गोल. हा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यातही तो सोसतो.

दुसरा, पाते मागे. ताठ बसून दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आणायची, पाच अंक मोजेपर्यंत धरायची, सोडायची. दहा वेळा. खांदे कानाकडे उचलायचे नाहीत.

तिसरा, काठी. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून हातात आडवी काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचे. बाई त्यासाठी ज्वारीचे धांड वापरत.

चौथा, भिंत. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायचे. जिथपर्यंत पोहोचले तिथे कोळशाने खूण करायची. कोळशाची खूण वर सरकताना दिसली की माणूस व्यायाम सोडत नाही.

आणि पाचवा, जो पुष्कळ जण विसरतात, तो म्हणजे खालचा हात. खांद्याच्या व्यायामात कोपर आणि मूठ सोडून द्यायची नाही. कोपर शेवटपर्यंत सरळ करायचे, तळहात वर-खाली वळवायचा, मूठ उघडायची-मिटायची, ओले फडके हळूहळू पिळायचे. दिवसातून तीनदा, दहा दहा वेळा.

दुखणार किती? व्यायाम करताना थोडे दुखले आणि थोड्या वेळात थांबले तर चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत राहिले तर जास्त झाले, निम्मे करा. व्यायामाआधी गरम पाण्याच्या फडक्याने शेक द्या. झोपताना दुखऱ्या कुशीवर झोपू नका, हाताखाली उशी किंवा गोधडीची घडी घ्या. गोळ्या आणि सांध्यातले इंजेक्शन यांची जागा आहे, पण ते डॉक्टरांनी पाहून द्यावे. बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या कोणाकडूनही "ताकदीची सुई" घेऊ नये.

पाणी आणायचे थांबवता येत नव्हते. म्हणून आम्ही त्यांच्या सुनेशी आणि मुलाशी बोललो. मोठा हंडा मुलाने आणायचा, बाईंनी लहान घागर, तीही काठोकाठ भरायची नाही, दोन खेपा करायच्या. मुलाने पाणी भरणे तिथे सोपे नाही, लोक हसतात. पहिले काही दिवस तो अंधारात जात असे. नंतर उजेडातही जाऊ लागला.

किती फरक पडला

मी चमत्कार सांगायला आलेली नाही. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही आणि बाईंनी एकदा व्यायाम सोडलाही. आरोग्यसेविका दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन कोळशाची खूण पाहत राहिली. आधी कोपर सरळ झाले. मग पकड सुधारली. खांदा सर्वांत शेवटी. कैरीच्या दिवसांत, घरोघर आमचूर करण्यासाठी कैऱ्या सोलायला बसतात तेव्हा, त्या पहिल्यांदा पूर्ण दुपार सोलायला बसल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांचा हात डोक्यावरच्या पदरापर्यंत पोहोचत होता. पाठीमागे मात्र अजूनही पूर्ण जात नाही. त्या वर्षी त्या ऊसतोडीला गेल्या नाहीत. त्यांचा नवरा भावासोबत गेला आणि घरात पैसे कमी आले. तेव्हा गणपतीच्या दिवसांत मी ओढणी बाजूला केली असती तर कदाचित यातले बरेच टळले असते. हे मी तुमच्यासमोर सांगते आहे, कारण तुमच्या दानातून माझा पगार होतो आणि तुम्हाला फक्त यशच सांगणे बरोबर नाही.

त्यानंतर आम्ही शिबिरात एक नियम केला. हात, कोपर, मनगट, बोटे, काहीही दुखत असो, खांदा आणि मान पाहिल्याशिवाय रुग्णाला उठवायचे नाही. त्यासाठी स्त्रियांना आडोसा हवा. एका रुग्णामागे वेळही जास्त लागतो. तुम्ही गेल्या वर्षी दिलेल्या पैशातून आम्ही दोन घडीचे पडदे घेतले. पावतीवर ती रक्कम लहान दिसते. पण त्या पडद्यामागे बायका ओढणी बाजूला करतात आणि मला खांदा दिसतो.

तुमच्याकडून मला अजून एक गोष्ट हवी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. तुमच्या घरी भांडी घासायला, फरशी पुसायला ज्या बाई येतात, त्यांच्या हातातून एखादे भांडे पडले तर रागावण्याआधी विचारा, "हात दुखतो का? खांदा वर होतो का?" मंडळीतील वृद्ध भगिनी उपासनेच्या वेळी गीतपुस्तक एकाच हाताने धरत असतील तर त्यांना विचारा. पुष्कळ माणसे खांद्याचे दुखणे वयाचे म्हणून सोडून देतात आणि हात वाळल्यावर येतात. लवकर आले तर कोळशाची खूण लवकर वर सरकते.

मागच्या महिन्यात शिबिरात एक तरुण बाई आली आणि कोपर पुढे करून बसली. मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी तिला पावरीत दटावले. वळून पाहिले तर त्याच आमच्या बाई होत्या. आरोग्यसेविका हसत मला म्हणाली, "ताई, त्या तिला सांगताहेत, आधी खांदा दाखव, नाहीतर ही ताई कोपरालाच मलम लावून पाठवील."